आज तारीख काय?

सरोवराकाठच्या न्खाटा बे गावात, टेकडीवर एका जुन्या गोदामाच्या दोन खोल्यांत रेडिओ केंद्र आहे. तिथून रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तोवेरा लोंगवे 'आजचा दिवस' सांगते. आधी तारीख, मग त्या तारखेला जगात कुठे काय घडलं ते, आणि शेवटी आपल्या जिल्ह्यात काय घडलं ते. तिचा आवाज आला की बाजारातल्या बायका चहा गाळायला घेतात, आणि खाली धक्क्यावर बोटवाले इंजिनात तेल ओतायला लागतात.

एकवीस वर्षं तिने शाळेत इतिहास शिकवला होता. शाळा सुटली, पण खोड सुटली नाही. दोन ठिकाणी लिहिलेलं सापडल्याशिवाय ती कुठलीच गोष्ट माईकसमोर उच्चारत नसे. स्टुडिओच्या भिंतीलगत पत्र्याच्या पेट्यांत तिची तीनशे सहासष्ट पाकिटं होती, तारखेला एक. त्यांत वर्तमानपत्रांची कात्रणं, कचेरीतल्या कागदांच्या नकला, मिशनच्या पाद्र्यांच्या रोजनिशीतले उतारे.

यंत्रं सांभाळणारा ग्रेशियन म्सिस्का तिची टर उडवायचा. "मॅडम, तुमच्या लग्नाची तारीख तरी दोन ठिकाणी लिहिलेली आहे का?"

"तीन ठिकाणी," ती म्हणायची. "म्हणून तर सोडचिठ्ठीला इतका वेळ लागला."

त्या मंगळवारी चौदा जून होती. पाकीट जाड होतं. १९४० साली याच दिवशी जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. १९८२ साली याच दिवशी फॉकलंड बेटांवरची लढाई थांबली. आणि १९९३ साली याच दिवशी आपण सगळे रांगेत उभे राहिलो होतो, देशात एकच पक्ष राहावा की अनेक असावेत ते ठरवायला. एकाची खूण कोंबडा, दुसऱ्याची कंदील. त्या दिवशी तुम्ही कुठे होतात, फोन करून सांगा, असं तोवेराने आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं.

बाहेर म्वेरा सुटला होता. हा दक्षिणेचा वारा जूनमध्ये सुटला की सरोवर समुद्रासारखं खवळतं. खिडकीतून पांढऱ्या फेसाच्या रेघा दिसत होत्या, आणि पत्रा सारखा वाजत होता.

पहिला फोन बाजारातल्या एका म्हाताऱ्याचा. "मी कंदिलाला दिलं, बायकोनं कोंबड्याला. आठवडाभर बाईने मला नुसता उकडलेला कसावा खायला घातला. मासा नाही, भाजी नाही."

"मग, आगोगो?"

"मग काय, कंदील जिंकला. पण त्या घरात अजून कोंबडाच आरवतो."

ग्रेशियन काचेपलीकडे खो खो हसला. तोवेराही हसली. वयस्कर माणसाला आगोगो म्हणायची तिकडची रीत, आणि हे आगोगो दर आठवड्याला फोन करून भाव खाऊन जायचे.

दुसरा फोन एका बाईचा. आवाज सपाट, घाई नसलेला.

"मी एस्नर्ट म्वासे. चिवुंगुच्या किनाऱ्यावर आमचं घर होतं. त्या दिवशी माझा नवरा फॅनवेल जाळं शिवत बसला होता. मत द्यायला पलीकडच्या शाळेत जायचं होतं, मी कपडे बदलत होते. म्वेराचे दिवस, पण सरोवर अगदी कढईतल्या तेलासारखं पडून होतं. वारा नाही, काही नाही. एक माणूस पाण्यातून चालत वर आला. कपडे ओले. त्याने फॅनवेलला विचारलं, आज तारीख काय?"

"बरं."

"फॅनवेल म्हणाला, अहो, चौदा जून, आज मतदान ना? तुम्ही कुठून आलात? तो माणूस म्हणाला, मग चला. फॅनवेलने सुई गाठीतच सोडली. उठला. त्याच्या मागून होडीत जाऊन बसला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं थट्टा करतोय."

स्टुडिओत पत्रा वाजत राहिला.

"होडी सापडली, मॅडम. तो नाही सापडला. मी मत द्यायला गेले नाही. एवढंच सांगायचं होतं." आणि फोन ठेवला.

तोवेरा माईकवरच बाईंसाठी सांत्वनाचे दोन शब्द बोलली आणि तिने पुढचा फोन घेतला. पलीकडे दुसराच एक म्हातारा होता. त्याने मतदानाचं नावच काढलं नाही.

"बाई, माझा थोरला भाऊ असाच गेला. ते साल अडुसष्ट. तोच किनारा. त्यालाही तारीखच विचारली होती. आम्ही घरात कुणाला सांगितलं नाही. लोक हसले असते."

"तारीख कोणती होती, आगोगो?"

"हीच. तुम्ही आज सांगितलीत ती."

तोवेराने ग्रेशियनला गाणं लावायची खूण केली. वर्गात तिने हे शेकडो वेळा पाहिलं होतं. एका पोराने स्वप्न सांगितलं की पाठोपाठ चौघांना तेच पडलेलं असतं. ऐकलेलं आणि आठवलेलं यांत माणसाला फरक करता येत नाही. तिने हे ग्रेशियनला सांगितलंही.

"हो ना," तो म्हणाला. पण हसला नाही.

मग तिला पाकिटातला एक कागद आठवला. दर वर्षी ती तो बाजूला ठेवायची, कारण गोष्ट क्षुल्लक होती आणि एकाच ठिकाणी लिहिलेली होती. मिशनच्या एका पाद्र्याची रोजनिशी, साल १९११. उतारा तिने स्वतःच, वीस वर्षांपूर्वी, स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतला होता.

'१४ जून. वारा अचानक पडला. आमचा सुतार योहाने किनाऱ्यावर फळ्या तासत होता. एका अनोळखी माणसाने त्याला विचारलं की तुमच्या मोजणीने आज कोणता दिवस. योहानेने सांगितला, अलीकडेच शिकला असल्यामुळे त्याला त्याचा अभिमान वाटे. त्यानंतर तो दिसलेला नाही. हत्यारं तिथेच आहेत.'

तिने ते दोनदा वाचलं. १९११ साली कुणी रेडिओ ऐकून हे सांगितलं नव्हतं. हातातला कागद तिने हळूच टेबलावर पालथा ठेवला.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की पत्रा वाजायचा थांबलाय.

खिडकीबाहेर फेसाच्या रेघा नव्हत्या. सरोवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सपाट झालं होतं. झाडाचं पान हलत नव्हतं.

टेबलावरचा फोन वाजला. ग्रेशियनने तो प्रक्षेपणावर न सोडता फक्त तिच्या हेडफोनमध्ये दिला.

"मॅडम, मी तियोंगे. चिवुंगुला मासे वाळवते मी." बाई धापा टाकत होती. "वर आंब्याखाली आलेय, खाली रेंज नाही. आत्ता तुमच्या कार्यक्रमात ती बाई बोलली ना. मॅडम, इथे एक माणूस आहे. पाण्यातून आलाय. अजून कुणाला काही विचारलं नाही त्याने. तुमच्या लॅमेकच्या बोटीकडे बघत उभा आहे."

लॅमेक तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा महिन्यांचा होता आणि तोवेरा चौदाची. तिनेच त्याला पाठीशी बांधून मोठं केलं. जिथे रस्ता जात नाही अशा काठावरच्या गावांना तो चिवुंगुहून माणसं आणि पोती पोचवायचा. सगळा किनारा त्याला 'तारखेचा भाऊ' म्हणायचा, आणि त्याला ते आवडायचं. अमुक तारखेला काय झालं विचारा, तो छाती काढून सांगायचा. आज तारीख काय, हे कुणी विचारावं आणि लॅमेकने सांगू नये, असं होणारच नव्हतं.

त्याचा फोन किनाऱ्यावर लागत नसे. पण बोटीत रेडिओ असे, आणि तो सकाळभर चालू असे.

गाणं अजून एक मिनिट उरलं होतं.

"माईक दे," तोवेरा म्हणाली.

"मॅडम, गाणं..."

"दे म्हणते ना."

लाल दिवा लागला. तिचा आवाज रोजच्यासारखाच निघाला, त्याचं तिला नंतर फार आश्चर्य वाटलं.

"श्रोतेहो, एक दुरुस्ती. सकाळी माझ्याकडून चूक झाली. आज चौदा जून नाही. आज पंधरा जून. पुन्हा सांगते, आज पंधरा जून. कुणीही विचारलं तर पंधराच सांगा. लॅमेक, तूसुद्धा. पंधरा."

काचेपलीकडे ग्रेशियन तोंड उघडं टाकून बघत होता. तिने ते आणखी दोनदा सांगितलं, हेडफोन काढले आणि ती उठली.

"मॅनेजरबाईंना काय सांगू?" तो ओरडला. "लोकांना काय सांगू?"

"पंधरा," ती म्हणाली आणि जिना उतरली.

कोपऱ्यावर भाड्याच्या मोटारसायकली उभ्या असत. पहिली दिसली तिच्यावर ती बसली. चिवुंगु वीस मिनिटांवर. रस्ता रबराच्या बागेतून जातो. एरवी तिथे फांद्यांचा सारखा आवाज असतो. आज फक्त इंजिनाचा होता. दोन्ही बाजूंनी सरळसोट खोडं, आणि त्यांच्यामधून मधूनमधून दिसणारं, ताटात ओतल्यासारखं पाणी.

लॅमेक बोटीच्या कडेवर पाय सोडून बसला होता. हातात मंदाझीचा, तळलेल्या गोड पावाचा, अर्धा तुकडा, ओठाला साखर.

तोवेरा तिथेच वाळूत बसली.

"अगं, काय हे?" तो उडी मारून आला. "आणि रेडिओवर काय बरळत होतीस? सगळा किनारा हसतोय मला. तारखेची बहीण तारीख विसरली म्हणून."

"तो माणूस कुठेय?"

"तो? गेला. चमत्कारिक होता. चोहीकडून पाणी गळतंय, पण काकडत नव्हता. मला विचारलं, आज तारीख काय. आता मला ठाऊक होतं ना, चौदा आहे. पण तू नाव घेऊन सांगितलंस, म्हटलं हिचं काहीतरी असणार. मी म्हणालो, पंधरा."

"मग?"

लॅमेकने मंदाझी खाली ठेवली. "मग तो बराच वेळ बघत राहिला माझ्याकडे. रागाने नाही. दुकानदार फाटकी नोट उजेडात धरून बघतो ना, तसा. मग त्याने पलीकडच्या जाळीवाल्याला विचारलं. मग तियोंगेला. सगळ्यांनी रेडिओ ऐकलेला. सगळे म्हणाले पंधरा."

"आणि गेला? पाण्यात?"

"नाही गं. वर गेला. पायवाटेने."

पायवाट वर आंब्याच्या झाडापाशी जाऊन दोनच ठिकाणी फुटते. उजवीकडे मोठा रस्ता लागतो. तिथून तर ती आत्ता आली होती, आणि वाटेत कुणी भेटलं नव्हतं. डावीकडे शाळा आहे.

शाळेत सकाळी पहिलं काम काय होतं, ते एकवीस वर्षं शिकवण्यात काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं.

"तेम्वा शाळेत आलीय?" तिने विचारलं.

तेम्वा लॅमेकची मुलगी. चौथीत.

तो धावत सुटला होता.

शाळेच्या आवारात कुणी नव्हतं. बाकीच्या वर्गांतून पाढ्यांचा आवाज येत होता. चौथीच्या वर्गातून काहीच येत नव्हतं. दाराशी मास्तर सिलुम्बु खडूची पेटी घेऊन उभे होते. सुरकुत्यांचा, हसतमुख माणूस. तोवेराचा जुना सहकारी.

"बरं झालं आलात, मॅडम," ते दबक्या आवाजात म्हणाले. "मी खडू आणायला गेलो होतो. पाच मिनिटंही नसतील. परत आलो तर हे असं. बहात्तर पोरं, आणि एकाचाही आवाज नाही. मी यांना आजवर कधी गप्प करू शकलो नाही."

मुलं रांगेने जमिनीवर बसली होती. पाठी ताठ. हात मांडीवर. सगळी होती. लॅमेकने तेम्वाला उचलून छातीशी धरलं, तरी तिने हात तसेच ठेवले.

फळ्यावर वरच्या कोपऱ्यात मास्तरांनी तारीख लिहिली होती. तिच्यावरून कुणीतरी ओला तळवा फिरवला होता. खडूचं पांढरं पाणी ओघळून खालपर्यंत आलं होतं.

तोवेरा तेम्वासमोर वाकली. "बाळा, इथे कोण आलं होतं?"

"साहेब, आत्या."

"कोण साहेब?"

"तपासणीचे असतील. उभे राहा म्हणाले. आम्ही उभे राहिलो."

"मग?"

"विचारलं, आज तारीख काय."

तोवेराला पुढचं विचारायचं नव्हतं.

"कोण बोललं?"

"सगळे. एकदम."

"काय बोललात?"

"चौदा जून. फळ्यावर होतं ना."

"मग ते काय म्हणाले?"

"शाबास म्हणाले. बसा म्हणाले."

बाहेर आंब्याची फांदी करकरली. वारा परत सुटला होता.

त्या दिवशी चिवुंगुच्या किनाऱ्यावरून कुणीही गेलं नाही. मोठी माणसं मोजली, लहान मुलं मोजली, होड्या मोजल्या. सगळं जागच्या जागी होतं. लोक हसले, दमले, आणि आपापल्या कामाला लागले. लॅमेकने मात्र बोट बाहेर काढली नाही. तेम्वाचं दप्तर आणि दोन फ्रॉक पिशवीत घालून त्याने तिला गावात तोवेराच्या घरी आणून सोडलं. "इथे राहू दे. पाण्यापासून लांब," एवढंच म्हणाला.

निघताना तो दारात थांबला.

"त्या बाईचा नवरा, त्या म्हाताऱ्याचा भाऊ, आणि तू सांगितलास तो सुतार. दर वेळी एकच ना?"

"लॅमेक."

"एकालाच नेतो ना तो? मग मला सांगू द्यायचं होतंस, ताई."

तो पायऱ्या उतरून गेला. तिने त्याला पाठीशी बांधून मोठं केलं होतं, पण त्या संध्याकाळी त्याची पाठमोरी चाल तिला अनोळखी वाटली.

बुधवारी मॅनेजरबाईंनी लिहून दिलेली दिलगिरी तिने वाचली. काल चौदा तारीख होती, आज पंधरा आहे, श्रोत्यांना झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. बाजारातल्या आगोगोंचा फोन आला. त्यांनी थट्टा केली. तिने हसून घेतलं. गुरुवारही तसाच गेला. तेम्वा जेवत होती, झोपत होती, घराजवळच्या शाळेत मुकाट्याने जाऊन बसत होती. चिवुंगुच्या एकाही मुलाशी तिची भेट झाली नव्हती. तोवेराला वाटू लागलं की आपण घाबरून भलतंसलतं मनात आणलं. दोन फोन आणि एक जुना कागद, यापलीकडे पुरावा काय होता?

शुक्रवारी दुपारी मास्तर सिलुम्बु रेडिओ केंद्रात आले. बसले नाहीत. काखेतला वह्यांचा गठ्ठा त्यांनी टेबलावर ठेवला.

"तुम्ही बघा. मला काही कळत नाही."

चौथीच्या वह्या. तिने वरची उघडली. पानाच्या कोपऱ्यात, जिथे मुलांना तारीख लिहायची सवय असते, तिथे एक आकडा होता. बुधवारच्या पानावर ३६४. गुरुवारी ३६३. आजच्या पानावर ३६२.

तिने दुसरी उघडली. तिसरी. दहावी. अक्षरं वेगवेगळी, कुणाचं गिचमीड, कुणाचं मोत्यासारखं. आकडे तेच. पुढच्या चौदा जूनला उरलेले दिवस.

"मी फळ्यावर तारीख लिहितो," मास्तर म्हणाले. "सगळी बघतात. आणि हे लिहितात. छड्या दिल्या, तरी हेच."

तोवेरा घरी आली तेव्हा तेम्वा व्हरांड्यात पालथी पडून अभ्यास करत होती. पाय हवेत, जीभ दातांत. वाऱ्याने पान उडू नये म्हणून वहीवर कोपर दाबून धरलेलं.

तोवेरा तिच्याशेजारी बसली. बराच वेळ तिला वहीकडे बघवेना. मग तिने बघितलं. कोपऱ्यात ३६२.

"हे काय लिहिलंस, बाळा?"

"तारीख."

"तारीख सतरा जून आहे. मी सकाळी रेडिओवर सांगितली ना?"

तेम्वाने मान वर केली. पोर चिडली नव्हती, घाबरलीही नव्हती. मोठ्या माणसाला साधी गोष्ट समजावून सांगावी, तशी ती हसली.

"ती तुमची तारीख, आत्या," ती म्हणाली. "ही आमची."

आणि पान उलटून, उद्याचा आकडा आधीच लिहून ठेवायला लागली.